ऑर्लँडोच्या पार्कांत व्हीलचेअर घेऊन फिरताना राइड्सचे नियोजन कसे करावे?

अवनी_जर्सी (धागाकर्ती)

नमस्कार. जानेवारीत आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी, सासरे आणि सासूबाई, फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डला चार दिवसांसाठी जाणार आहोत. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला आणि डावा हात व डावा पाय अजून अशक्त आहे. घरात त्या काठीच्या आधाराने बाथरूमपर्यंत जातात, धरले तर उभ्या राहतात आणि दोन-तीन पावले टाकतात. घराबाहेर मात्र व्हीलचेअर लागतेच.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना येथील एका लहान पार्कमध्ये नेले होते. आम्ही सगळे आळीपाळीने राइड्सवर गेलो आणि त्या दिवसभर एका झाडाखाली पिशव्या, पाण्याच्या बाटल्या व मुलीचे जॅकेट घेऊन बसून राहिल्या. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. या सहलीची तिकिटे काढताना मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले, "या वेळी मी सामानाची राखण करायला येणार नाही. मला कशात बसता येते ते आधी शोधून ठेव."

म्हणून हा धागा. व्हीलचेअर असली की रांगेत उभे राहावे लागत नाही असे बऱ्याच परिचितांनी सांगितले. ते खरे आहे का? खुर्चीतून न उतरता कोणत्या राइड्स करता येतात? जिथे उतरावे लागते तिथे त्यांना सीटवर कसे बसवावे, आणि कर्मचारी हात देतात का?

चाकोरीबाहेर

मी स्वतः अकरा वर्षांपासून व्हीलचेअर वापरतो. अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखाली संवेदना नाही. ऑर्लँडोला चार वेळा जाऊन आलो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

रांगेचा गैरसमज आधी दूर करतो. एके काळी व्हीलचेअर असलेल्यांना अनेक राइड्सवर बाजूच्या किंवा बाहेर पडण्याच्या दाराने नेत असत, आणि लोकांच्या आठवणीत तेच राहिले आहे. त्या सवलतीचा इतका गैरफायदा घेतला गेला की २०१३च्या ऑक्टोबरमध्ये डिस्नेने जुने कार्ड बंद करून डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस, म्हणजे डास, सुरू केली. २० मे २०२४पासून फ्लोरिडात तिचे निकष आणखी कडक झाले असून ती आता मुख्यतः ऑटिझम किंवा त्यासारख्या विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत दीर्घकाळ थांबणे शक्य नाही, त्यांच्यासाठी आहे. तुमच्या सासूबाईंना केवळ चालता येत नाही म्हणून ती मिळेल, या भरवशावर राहू नका. फ्लोरिडातील बहुतेक रांगा व्हीलचेअर जाईल इतक्या रुंद आहेत, आणि त्यांतून इतरांबरोबरच पुढे सरकायचे असते. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५चे आहे आणि तिथल्या काही जुन्या रांगांत खुर्ची वळतच नाही. अशा ठिकाणी दारावरचा कर्मचारी परत येण्याची वेळ देतो. रांग टाळायचीच असेल, तर फ्लोरिडात इतरांप्रमाणे लाइटनिंग लेन या वेगळ्या जलद रांगेचे पैसे मोजावे लागतात.

आता राइड्सविषयी. नकाशावर व अ‍ॅपमध्ये प्रत्येक राइडपुढे लिहिलेले असते, आणि ढोबळमानाने तीन प्रकार पडतात: खुर्चीतच बसून राहता येते, खुर्चीतून सीटवर जावे लागते, किंवा स्वतः चालता येणे आवश्यक असते. बॅटरीवरची स्कूटर भाड्याने घेणार असाल तर चौथी गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच राइड्सवर स्कूटर आत नेता येत नाही आणि दारापाशी साध्या व्हीलचेअरमध्ये बसावे लागते. तुमच्याकडे साधी खुर्ची आहे, तीच न्या.

खुर्चीतून न उतरता, डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांनुसार: मॅजिक किंगडममध्ये इट्स अ स्मॉल वर्ल्ड, विनी द पू, लिटल मर्मेड, बझ लाइटइयर, जंगल क्रूझ आणि वाफेच्या इंजिनाची आगगाडी. एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँड आणि निमोची राइड. हॉलीवूड स्टुडिओजमध्ये टॉय स्टोरी मेनिया. अ‍ॅनिमल किंगडममध्ये किलिमंजारो सफारी, आणि ती अजिबात चुकवू नका. या प्रत्येक ठिकाणी खुर्चीसाठी वेगळा डबा किंवा वेगळी बोट असते आणि अशा बोटी मोजक्याच असतात. त्यामुळे रांग संपल्यावर "तुमची बोट" फिरून येईपर्यंत बाजूला थांबावे लागते, आणि आधी एखादी खुर्ची आत गेली असेल तर आणखी थोडे. पहिल्या वेळी मला वाटले होते की आपल्याला विसरले. विसरत नाहीत.

फिजिओ_मृदुला

अवनी, मी पक्षाघाताच्या रुग्णांबरोबर काम करते, म्हणून फक्त सीटवर बसवण्याविषयी लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे डिस्नेचे कर्मचारी पाहुण्याला उचलत नाहीत किंवा सीटवर हलवतही नाहीत. ते राइड हळू करतील, थांबवतील, खुर्ची धरतील, ती उतरण्याच्या जागी नेऊन ठेवतील. पण सासूबाईंच्या अंगाला हात तुमचा किंवा तुमच्या यजमानांचाच लागणार. त्यामुळे हा सराव घरी झाला पाहिजे, आणि तो पलंगावर करून उपयोग नाही. पलंगाची उंची साधारण खुर्चीइतकीच असते. राइडची सीट खाली असते. तुमच्या घरातला सर्वांत बुटका सोफा किंवा गाडीची मागची सीट घ्या.

त्यांची उजवी बाजू बळकट आहे, म्हणून खुर्चीतून सीटवर जाताना सीट त्यांच्या उजव्या हाताला येईल अशी खुर्ची लावा. ब्रेक लावा, पायाच्या पट्ट्या बाजूला करा, त्यांना खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकू द्या. तुमचा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्यासमोर टेकवा, म्हणजे तो दुमडणार नाही. डावा हात किंवा काख धरून कधीही ओढू नका. पक्षाघातानंतर तो खांदा सैल झालेला असतो आणि एका झटक्यात निखळू शकतो. कमरेला बांधायचा ट्रान्सफर बेल्ट मिळतो, त्याला धरा.

आता खरी मेख. जाताना सीट उजवीकडे होती. उतरताना प्लॅटफॉर्म त्याच बाजूला असेल, तर खुर्ची त्यांच्या डावीकडे येते, म्हणजे अशक्त बाजूकडे, आणि तेही खालून वर. जाताना पाच सेकंदांत झालेले काम येताना दोन मिनिटे घेते. ज्या राइडमध्ये एका बाजूने चढतात व दुसऱ्या बाजूने उतरतात, तिथे मात्र दोन्ही वेळा उजवी बाजूच कामाला येते. म्हणून दारावर विचारायचा प्रश्न "बसता येईल का" एवढाच ठेवू नका. "उतरायचे कोणत्या बाजूने" हेही विचारा.

झटके, घसरण आणि गोल फिरणाऱ्या राइड्सबाबत त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे, विशेषतः त्या रक्त पातळ होण्याची गोळी घेत असतील तर.

नर्मदेचा_गोटा

क्षमा असावी, पण वयस्कर व्यक्तीला इतक्या खटपटी करून राइडमध्ये बसवण्याचा अट्टाहास मला समजत नाही. परेड आहे, आतषबाजी आहे, बागा आहेत. आमच्या आईला आम्ही अशाच एका ठिकाणी नेले होते आणि ती छान बाकावर बसून माणसे बघत होती. वयस्कर माणसांना तेवढे पुरते.

चाकोरीबाहेर

गोटेसाहेब, तुमच्या आईंना पुरत असेल, आणि तसे त्यांनी स्वतः सांगितले असेल, तर प्रश्नच मिटला. येथे अवनीच्या सासूबाईंनी स्वतः सांगितले आहे की त्यांना पुरत नाही. माझ्या अपघातानंतर पहिली दोन वर्षे माझ्या वतीने "त्याला नको असेल" असे घरातले सगळेच जण इतके प्रेमाने सांगत, की मला काय हवे आहे हे मलाच आठवेनासे झाले होते.

परेडचा मुद्दा मात्र उपयोगी आहे. व्हीलचेअरसाठी परेडच्या मार्गावर राखीव जागा असतात, पण त्या आधी येणाऱ्याला मिळतात, म्हणून लवकर जावे. पुढे उभे राहणारे लोक नसले की खुर्चीच्या उंचीवरूनही सगळे दिसते; एरवी आमच्या वाट्याला लोकांच्या पाठीवरच्या सॅकच येतात.

अवनी_जर्सी

सर्वांचे आभार. मृदुला, काल गाडीच्या मागच्या सीटवर सराव केला आणि तुम्ही लिहिले तसेच झाले: बसणे सोपे, उठणे कठीण. सासूबाई म्हणाल्या, "हे अपूर्णांकांसारखे आहे, करायला सोपे आणि उलटे करायला गेले की मुले रडतात."

दोन प्रश्न उरले आहेत. ज्या राइड्समध्ये चढण्याच्या जागी सरकता पट्टा असतो तिथे काय करावे? आणि राइड मध्येच बंद पडली तर?

चाकोरीबाहेर

सरकता पट्टा सगळीकडे सारखा नसतो. हाँटेड मॅन्शनमध्ये खुर्चीतून उतरावेच लागते, पण सांगितले की तिथला पट्टा हळू करतात किंवा थांबवतात. मॅजिक किंगडममधील पीटर पॅनचा पट्टा थांबवत नाहीत. चालत्या पट्ट्यावर पाय टाकून बसावे लागते, आणि सासूबाईंच्या स्थितीत मी त्या वाटेला जाणार नाही. माझ्यासारख्याला तर तो प्रश्नच येत नाही.

राइड बंद पडण्याविषयी: एका बोटीच्या राइडमध्ये मी पस्तीस मिनिटे अडकलो होतो. बाकीच्या लोकांना कडेच्या अरुंद पायवाटेवरून चालवत बाहेर नेले. मला बोटीतच थांबवले, एक कर्मचारी शेवटपर्यंत माझ्याशी बोलत बसला आणि नंतर प्रशिक्षित लोक येऊन मला घेऊन गेले. तिथली बाहुली तेच गाणे तेवढा वेळ गात होती, ही त्यातली सर्वांत मोठी यातना. एकेका राइडमध्ये एका वेळी मोजक्याच खुर्च्या सोडण्यामागचे कारण हेच आहे: बाहेर काढताना प्रत्येकासाठी माणसे लागतात. म्हणून बरोबर एक जण तरी असावाच, आणि औषधे पिशवीत न ठेवता खिशात ठेवावीत.

ज्यांना पायांत संवेदना नाही अशा वाचकांसाठी एक गोष्ट. सीटवर बसलो की मी दोन्ही गुडघे रुंद पट्टीने एकत्र बांधतो, कारण पायाला आचका आला की पाऊल डब्याबाहेर जाऊ शकते आणि मला ते कळणार नाही. खुर्चीतली हवेची गादी राइडवर सोबत नसते, त्यामुळे कठीण सीटवरच्या दोन राइड्स लागोपाठ करत नाही आणि रात्री हॉटेलवर आरशात त्वचा तपासतो. कुठे लाल डाग राहिला असेल तर दुसरा दिवस फक्त खुर्चीतल्या राइड्सचा.

टेक्सासकर_बाबा

आमच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, तो चौदा वर्षांचा आहे, आणि आता त्याला उचलून सीटवर ठेवणे माझ्या कमरेला झेपत नाही. त्यामुळे आम्ही मोठ्या पार्कांपेक्षा सॅन अँटोनियोमधील मॉर्गन्स वंडरलँडमध्ये अधिक जातो. गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या मुलीला डोळ्यांसमोर ठेवून ते एका जुन्या खाणीच्या जागेवर उभारले आणि २०१० मध्ये सुरू केले. अपंग व्यक्तीला प्रवेश विनामूल्य असतो. तिथल्या कॅरोसेलमध्ये व्हीलचेअरसाठीचे रथ आहेत आणि ते घोड्यांबरोबर खाली-वर होतात. हे वाचताना साधे वाटेल, पण इतर ठिकाणी खुर्ची असलेल्या मुलाला कॅरोसेलवर जागा मिळालीच तर ती स्थिर असते. आजूबाजूचे घोडे उसळतात आणि आपला मुलगा एका जागी गोल फिरतो. पहिल्यांदा खुर्चीसकट वर उचलला गेला तेव्हा त्याने माझा कान इतका घट्ट धरला की नंतर दोन दिवस दुखत होता.

२०१७ पासून शेजारी पाण्याचे पार्कही आहे. तिथे पाण्यात चालणाऱ्या खुर्च्या पार्कच देते. त्यांतल्या काही दाबाच्या हवेवर चालतात, कारण बॅटरीची खुर्ची भिजवता येत नाही. फ्लोरिडा-न्यू जर्सीहून खास तिथे जा असे सांगणार नाही, पण टेक्सासमध्ये नातेवाईक असतील तर एक दिवस राखून ठेवा.

मुळामुठा

हे सगळे वाचून हेवा वाटला. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भावाला, जो व्हीलचेअर वापरतो, आम्ही आपल्याकडच्या एका मोठ्या पार्कमध्ये नेले होते. दारापासून फूड कोर्टपर्यंत रॅम्प उत्तम होते. राइडपाशी पोहोचलो की प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळाले, "सर, अलाऊड नाही." का अलाऊड नाही, हे एकालाही सांगता आले नाही. एका संथ, मुलांच्या आगगाडीतही बसू दिले नाही. तिकीट मात्र पूर्ण घेतले होते. अमेरिकेत हे कायद्यामुळे होते की व्यवसायाचा भाग म्हणून?

चाकोरीबाहेर

दोन्ही आहे, पण पाया कायद्याचा. अपंगांच्या हक्कांचा तिथला कायदा १९९०चा. त्याखालच्या २०१०च्या मानकांमध्ये राइड्ससाठी स्वतंत्र कलमे आहेत आणि ती १५ मार्च २०१२ पासून बंधनकारक आहेत. नवी किंवा मोठे फेरफार केलेली राइड असेल, तर तिच्यात व्हीलचेअरची जागा हवी, किंवा खुर्चीतून सरकता येईल अशी सीट हवी, किंवा सीटवर नेणारे साधन हवे. सरकण्याच्या सीटची उंचीसुद्धा चढण्याच्या जागेपासून १४ ते २४ इंच ठरवून दिली आहे. जुन्या, न बदललेल्या राइड्सना हे लागू होत नाही, म्हणूनच जुन्या राइड्समध्ये सीट जमिनीला टेकल्यासारखी सापडते. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यांनाही सूट आहे.

आपल्याकडे २०१६चा दिव्यांगजन हक्क कायदा आहे, आणि त्याच्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवन व मनोरंजन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसत्या मार्गदर्शक सूचना म्हणून ठेवता येणार नाहीत, बंधनकारक नियम करा, असे केंद्राला सांगितले. राइडच्या सीटची उंची इंचांत लिहिलेला नियम मी मात्र आपल्याकडे पाहिलेला नाही, आणि जोपर्यंत तो नसेल तोपर्यंत दारावरच्या मुलाला "अलाऊड नाही" हेच सर्वांत सुरक्षित उत्तर आहे. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला कोणी शिकवलेलेच नसते. पुढच्या वेळी पार्कच्या व्यवस्थापनाला आधी लेखी विचारून प्रत्येक राइडचे उत्तर लेखी मागा. नकार आला तरी कारण कागदावर येते.

अवनी_जर्सी

परवा परत आलो. ठरवल्याप्रमाणे वृत्तान्त लिहिते.

एकूण अकरा राइड्स झाल्या. नऊ खुर्चीत बसून, दोन सीटवर जाऊन. राइड्सची यादी सासूबाईंनी स्वतः केली. वहीत चार रकाने आखले: नाव, खुर्चीत की सीटवर, उतरण्याची बाजू, आणि शेवटच्या रकान्यात शून्य ते दहा गुण. स्मॉल वर्ल्डला त्यांनी सहा दिले, सफारीला साडेनऊ. सफारीचा ट्रक बराच हादरतो, त्यामुळे मी त्यांच्या डाव्या हाताखाली माझे जॅकेट गुंडाळून ठेवले होते. जिराफ रस्त्यातच उभा राहिला आणि ट्रक थांबला, तेव्हा त्या ड्रायव्हरला मराठीत म्हणाल्या, "घाई नाही हो आम्हाला."

टॉय स्टोरी मेनियामध्ये खुर्चीचा डबा वेगळ्या रुळावर घेऊन आरामात चढवतात. तिथे नेम धरून गुण मिळवायचे असतात. उजव्या हाताने खेळून त्यांनी नातीला हरवले आणि ती दुपारपर्यंत रुसली होती.

दोन सीटच्या राइड्सपैकी हाँटेड मॅन्शन व्यवस्थित पार पडले. पट्टा थांबवला आणि कोणीही घाई केली नाही. दुसऱ्या एका बोटीत मात्र आम्ही चूक केली. उतरण्याची बाजू विचारायचे राहिले आणि ती नेमकी डावी निघाली. बोटीचे बाक खोल, बोट हलती, आणि त्यांचे डावे पाऊल बाकाखाली मागे गेलेले. मी बेल्ट धरला, नवऱ्याने खाली वाकून पाऊल सोडवले, चप्पल आतच राहिली. मागे थांबलेल्या बोटींतले सगळे डोळे आमच्यावर होते आणि मला घाम फुटला होता. सासूबाई म्हणाल्या, "आधी नीट श्वास घे, मग तीन म्हण." तीन म्हटले आणि त्या उठल्या. चप्पल कर्मचाऱ्याने काठीने काढून दिली. त्यानंतर त्यांनी वहीत त्या राइडला गुण न देता फक्त "पट्ट्याची चप्पल" असे लिहिले. पुढचे दोन दिवस त्यांनी वेल्क्रोचे बूट घातले.

मोठ्या घसरणीच्या राइड्ससाठी रायडर स्विच वापरले: एक जण लेकीबरोबर जातो, दुसरा सासूबाईंबरोबर थांबतो आणि नंतर पुन्हा पूर्ण रांग न लावता आत जातो. दुपारी दोन ते चार आम्ही फर्स्ट एडच्या खोलीत होतो. तिथे आडवे होता येते आणि परिचारिका असते, हे आधी ठाऊक नव्हते. सोबत्याला आत जाता येईल अशी स्वच्छतागृहे प्रत्येक पार्कमध्ये आहेत, त्यांच्या जागा सकाळीच नकाशावर खूण करून ठेवा.

गोटेसाहेबांसाठी एक तपशील: सासऱ्यांना बोटीत मळमळते आणि अंधारात भीती वाटते. त्यामुळे चारही दिवस पिशव्या त्यांनी सांभाळल्या.

नर्मदेचा_गोटा

वाचले. सासूबाईंना नमस्कार सांगावा. बेल्ट कुठून घेतला आणि किती लांबीचा, हेही लिहावे. आई एप्रिलमध्ये येते आहे.

अवनी_जर्सी

औषधांच्या दुकानातून घेतला, साठ इंची, प्लॅस्टिकच्या बकलचा. धातूचे बकल कमरेला रुतते. आणि सासूबाई शेजारी बसून वाचत आहेत; त्यांनी एक दुरुस्ती सांगितली आहे. राइड्स अकरा नव्हेत, बारा झाल्या. आगगाडी दोनदा झाली आणि दुसरी फेरी मी मोजली नाही.